संकेतस्थळ : उभारणे सोपे, राखणे अवघड

शेतकऱ्याने आपला माल शक्य तेथे स्वतः विकावा, मधले हात कमी करावेत आणि शहरातील गिऱ्हाइकाशी थेट संबंध जोडावा, असा उपदेश आपण विस्तार कार्यातील मंडळी कित्येक वर्षे करीत आलो आहोत. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा एक उपदेश आला आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने, बचत गटाने अथवा कृषि-पर्यटन केंद्राने स्वतःचे संकेतस्थळ काढावे, म्हणजे घरबसल्या मागणी येऊ लागेल, असे मेळाव्यांतून व प्रशिक्षण वर्गांतून सांगण्यात येते. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत काम करीत असताना अशी पुष्कळ संकेतस्थळे पाहण्याचा प्रसंग मला आला. त्यांतील थोडी उत्तम चालली आहेत. बाकी कित्येकांची अवस्था मात्र पेरणी करून खुरपणीवाचून टाकून दिलेल्या शेतासारखी झालेली आहे.

याचे कारण विचारले असता, "आम्हांला संगणकातले काय कळते, साहेब?" असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर मला पटत नाही. ज्या चुकांमुळे ही संकेतस्थळे निकामी झाली, त्यांपैकी फारच थोड्या चुका संगणकाच्या आहेत. बहुतेक चुका हिशेबाच्या, देखरेखीच्या आणि खरेपणाच्या आहेत, आणि या गोष्टी कोणत्याही चांगल्या शेतकऱ्यास परक्या नाहीत. म्हणूनच हा विषय संगणकतज्ज्ञांवर न सोपविता या पत्रिकेत मांडण्याचे मी योजिले आहे.

एका खोक्याची हकीकत

दौंड तालुक्यात केडगावच्या परिसरात गुऱ्हाळांची संख्या मोठी आहे. तेथील गुऱ्हाळवाल्यांच्या एका गटाने काही वर्षांपूर्वी एक-एक किलोच्या ढेपा खोक्यांत घालून पुण्यास विकण्यास आरंभ केला. गूळ चांगला होता. गिऱ्हाईक वाढू लागले. तेव्हा एका सभासदाच्या ओळखीच्या तरुणाने गटास संकेतस्थळ तयार करून दिले. समारंभ झाला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. नव्या खोक्यांवर संकेतस्थळाचे नाव ठळक अक्षरांत छापण्यात आले.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गटाचे अध्यक्ष ते खोके घेऊन कार्यालयात आले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. खुर्चीवर न बसताच त्यांनी खोके टेबलावर ठेवले.

"साहेब, ह्या नावावर आता जुगार चाललाय. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून मला चांगलं झाडलं. म्हणाल्या, गुळाच्या नावाखाली हे धंदे करता होय?"

मी मोबाइलवर ते नाव उघडून पाहिले. खरोखरच पैजेच्या खेळाचे पान समोर आले.

"अण्णा, या नावाची वार्षिक फी कोणी भरायची ठरली होती?"

"वार्षिक? ती एकदाच भरायची नसते होय?"

चौकशीअंती सर्व उलगडा झाला. त्या तरुणाने संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदविले होते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला व ते ईमेल त्याने वापरणे सोडून दिले. मुदत संपत आल्याच्या सूचना तेथेच पडून राहिल्या. मुदत संपली, नाव मोकळे झाले आणि कोणा तिऱ्हाइताने ते घेतले. त्या तरुणाने फसविले नव्हते आणि गटानेही पैसे द्यावयास नकार दिला नव्हता. हे काम कोणा एकाकडे सोपविलेले नव्हते, एवढेच काय ते झाले. सभासदांच्या घरच्या बायका-मुलांनी तीन संध्याकाळी बसून उरलेल्या खोक्यांवरील नावावर चिठ्ठ्या चिकटविल्या. जी खोकी पुण्याच्या स्वयंपाकघरांत आधीच पोहोचली होती, त्यांचा मात्र काही उपाय नव्हता. ते नाव गटास आजतागायत परत मिळालेले नाही.

नाव कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाच्या नावास डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही. ठराविक मुदतीसाठी खंडाने घेतलेल्या जमिनीप्रमाणे ते वापरावयास मिळते. मुदतीपूर्वी नूतनीकरण केले नाही तर थोड्या अवधीनंतर ते दुसऱ्यास घेता येते. म्हणून पहिला नियम असा की, नावाची नोंदणी कंपनीच्या किंवा गटाच्या नावावर आणि गटाच्या स्वतंत्र ईमेलवर असावी. संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या नावावर ती कदापि असू नये. त्या ईमेलचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांजवळ असावा आणि पदाधिकारी बदलले की दप्तर व शिक्के यांच्याबरोबर तोही नव्या मंडळींच्या स्वाधीन होऊन लगेच बदलला जावा. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. शक्य असल्यास एकदम काही वर्षांची फी भरून मोकळे व्हावे.

नाव निवडतानाही विचार हवा. "गुऱ्हाळ" हाच शब्द रोमन लिपीत चार जण चार प्रकारे लिहितात. मग गिऱ्हाइकाने तो कसा शोधावा? दूरध्वनीवर एकदा सांगितले असता ऐकणाऱ्यास बिनचूक लिहिता येईल असेच नाव घ्यावे. २०१४ पासून देवनागरी लिपीतही ".भारत" असा शेवट असलेले नाव घेण्याची सोय झालेली आहे, रोमन नावाच्या जोडीला तेही घेता येईल.

कोठले शिरूर, कोठले केडगाव?

दुसरी चूक पत्त्याची. एका संकेतस्थळावर मी "आमचे केंद्र शिरूर येथे आहे" एवढेच वाक्य वाचले. आपणांस शिरूर म्हटले की घोडनदी डोळ्यांपुढे येते. परंतु महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद आहेत. केडगाव जसे दौंड तालुक्यात आहे तसे अहिल्यानगर शहरालगतही आहे. चिंचोल्या तर किती, याची गणतीच नको. मुंबईहून मुलाबाळांसह निघालेले कुटुंब चुकीच्या गावी पोहोचले तर ते पुन्हा येत नाही, आणि चार घरी सांगते ते वेगळेच. सबब गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, जवळचे रेल्वे स्थानक अथवा एस. टी. थांबा आणि नकाशावरील अचूक खूण ही माहिती पहिल्याच पानावर द्यावी. नकाशावरील खूण स्वतः वाहनाने जाऊन एकदा पडताळून पाहावी.

पत्त्याइतकेच माणसाचे नाव महत्त्वाचे. कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेने, आणि त्यात आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्याही आल्या, आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि चौकशी अथवा तक्रारीसाठी भेटावयाच्या व्यक्तीचे नाव दिले पाहिजे, असे कंपनी (स्थापना) नियम, २०१४ यांतील नियम २६ सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहार हेच सांगतो. ज्या पेढीवर कोणी बसलेले दिसत नाही, तेथे गिऱ्हाईक चढत नाही. माजी सचिवाचा बंद पडलेला क्रमांक वर्षानुवर्षे तसाच ठेवणे म्हणजे पेढीवर कोणी नसल्याची पाटी आपणच लावणे होय.

हंगाम ओळखून पान बदला

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव मोरांसाठी आणि कृषि-पर्यटनासाठी सर्वत्र प्रसिद्ध झाले आहे. त्याचे अनुकरण करून आसपास अशी केंद्रे निघत आहेत व ती निघावीत. परंतु शेतीवर आधारलेला हा व्यवसाय ऋतूंना बांधलेला आहे, याचे भान संकेतस्थळावर क्वचितच दिसते. रब्बी ज्वारी दुधात येते त्या सुमारास, म्हणजे थंडीत, हुरडा मिळतो. तरीही भर उन्हाळ्यात "हुरडा पार्टीसाठी आजच नोंदणी करा" अशी पाटी काही ठिकाणी झळकत असते आणि तिच्याखाली दोन वर्षांपूर्वीचा दर असतो. पाहुणे येतात, हुरडा नसतो, दरही निराळा सांगितला जातो. मग वाद होतो व त्याचा सल पाहुणा चार शब्दांत इंटरनेटवर लिहून ठेवतो.

मोरांचेही तसेच आहे. पिसारा फुलवून नाचणाऱ्या मोराचे चित्र बारा महिने लावलेले असते. वस्तुतः पावसाळ्याच्या अखेरीस नराची लांब पिसे गळून पडतात आणि नवा पिसारा पूर्ण यावयास काही महिने लागतात. दिवाळीच्या सुटीत येणाऱ्या शहरी मुलास हे अगोदर सांगितले तर त्यास त्यात कौतुक वाटेल. न सांगता आणले तर ते हिरमुसले होईल. कोणत्या महिन्यात शेतात काय पाहावयास मिळते, याचा साधा बारमाही तक्ता संकेतस्थळावर दिला तर तीच उत्तम जाहिरात ठरेल. गूळ विकणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे. पावसाळी हवेतील ओलावा ओढून गूळ पाझरतो. त्या दिवसांत वेष्टन बदलावे किंवा मागणी उशिरा पुरी होईल असे आधीच लिहावे.

जे आहे तेच लिहा

चौथी चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती अज्ञानाने नव्हे तर मोहाने घडते. एका संकेतस्थळावर "संपूर्ण रसायनविरहित गूळ" असे लिहिलेले होते आणि शेजारी पिवळ्याधमक ढेपेचे चित्र होते. काहिलीतील रस भेंडीच्या चिकट रसाने निवळून, हायड्रोस न घालता केलेला गूळ सामान्यतः तांबूस-तपकिरी उतरतो, हे कोणताही जुना गुळव्या सांगेल. चित्र आणि वाक्य यांपैकी एक खोटे होते. चौकशीत कळले की, चित्रच दुसरीकडून उचललेले होते. गूळ खरोखर रसायनविरहित होता! स्वतःच्या खऱ्या मालास परक्याच्या चित्राने लबाड ठरविण्याचा हा प्रकार. आपल्या चुलवाणाचे, आपल्या काहिलीचे, आपल्या माणसांचे साध्या मोबाइलवर काढलेले चित्र विकतच्या चित्राहून शंभर पटींनी मोलाचे आहे.

"कोल्हापुरी गूळ" या नावाचा मोहही टाळावा. कोल्हापूरच्या गुळास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे; ते नाव दौंडच्या गुळावर लावणे बेकायदेशीर आहे. शिवाय दुसऱ्याच्या नावाने चांगला माल विकून आपल्या गावाचे नाव कधीच होत नाही. "सेंद्रिय" या शब्दाविषयीही सावध असावे. सेंद्रिय अन्नासंबंधीचे नियम २०१७ पासून आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अथवा सहभाग हमी पद्धती यांपैकी एकाखाली प्रमाणीकरण झालेले असल्यास प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा. तसे नसल्यास आपण कोणते खत घातले व कोणते औषध फवारले नाही, एवढेच सरळ लिहावे. गूळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, अमुक काढ्याने सांधे मोकळे होतात, असली विधाने तर मुळीच करू नयेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मधुमेही माणसाने आपल्या शब्दावर विसंबून गूळ खाल्ला तर होणारी हानी कोणत्याही दंडाने भरून येणारी नाही.

याउलट जे लिहिणे आवश्यक आहे ते लिहिण्यास कंटाळू नये. पॅकबंद मालाबाबत उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत ही माहिती संकेतस्थळावरही दिली पाहिजे. अन्नसुरक्षा परवान्याचा अथवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दर्शवावा. कृषि-पर्यटन केंद्राने राज्याच्या २०२० च्या धोरणानुसार नोंदणी केली असल्यास तिचाही उल्लेख करावा.

वाचणे व पैसे देणे सुलभ असावे

आता थोडे तांत्रिक बाबींविषयी. आपले बहुतेक गिऱ्हाईक संकेतस्थळ मोबाइलवर पाहते. पानावर वजनदार चित्रे व आपोआप वाजणारे संगीत घातले तर पान उघडण्यापूर्वीच ते निघून जाते. दरपत्रक हे कागदाचे छायाचित्र काढून लावू नये. ते अक्षरांत टंकलिखित करावे, म्हणजे शोध घेणाऱ्यास सापडते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, कारण जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. संकेतस्थळाच्या पत्त्याचा आरंभ "एचटीटीपीएस" या अक्षरांनी होतो की नाही, हे करून देणाऱ्यास विचारावे. तसा नसेल तर क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून "सुरक्षित नाही" अशी सूचना गिऱ्हाइकास दाखवितो, आणि ती वाचून पैसे कोण पाठवील?

पैसे कंपनीच्या किंवा गटाच्या खात्यातच घ्यावेत. अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाइलवर आलेले पैसे पुढे हिशेबात वाद निर्माण करतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, ही गोष्ट मागणी घेणाऱ्या प्रत्येक सभासदास, विशेषतः घरच्या स्त्रियांस, समजावून सांगावी. "मोठी मागणी आहे, आगाऊ रक्कम पाठवितो, एवढा कोड स्कॅन करा" असे सांगून उलट खाते रिकामे करणारे भामटे पुष्कळ आहेत. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

प्रत्येकास संकेतस्थळ हवेच काय?

माझे स्पष्ट मत असे की, नको. जो शेतकरी आपला कांदा केडगावच्या उपबाजारात ट्रॉलीने नेऊन विकतो, त्यास संकेतस्थळाचा उपयोग नाही. त्यास बाजारभावाची खबर आणि चांगली चाळ हवी. ज्यांच्याजवळ वर्षभर पुरेल असा किरकोळ विकण्याजोगा माल आहे, किंवा ज्यांच्याकडे पाहुणे यावयाचे आहेत, त्यांनीच ते काढावे. लहान गटास व्हॉट्सॲपवरील मालाची यादी आणि नकाशावरील नोंद एवढ्यावरही आरंभी भागविता येते. बंद पडलेल्या संकेतस्थळापेक्षा ते नसलेले बरे. नसले तर गिऱ्हाईक फोन करते, बंद असले तर धंदाच बंद झाला असे समजते.

येथे आपल्याही पदरी थोडा दोष घ्यावयास हवा. अहवालात "संकेतस्थळ सुरू केले" असा रकाना असतो. तो भरला की आपले काम संपते. सहा महिन्यांनी ते उघडते का, हे विचारणारा रकाना नसतो. जो रकाना आपण भरतो तेवढेच गट करतात. मी स्वतः असे रकाने भरले आहेत, हे कबूल केले पाहिजे. म्हणून ग्रामपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती अशी की, महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीत केवळ दहा मिनिटे काढून, गटाबाहेरच्या एखाद्याच्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडून पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. संकेतस्थळ उघडते काय? नूतनीकरणाची तारीख किती दूर आहे?

२. दिलेल्या क्रमांकावर तेथल्या तेथे फोन लावला असता कोणी उचलतो काय?

३. दर आजचे आहेत काय? जो माल संपला आहे तो अजून विक्रीस दिसतो काय?

४. हंगामाविरुद्ध काही जाहिरात राहून गेली आहे काय?

५. मागील महिन्यात आलेल्या प्रत्येक मागणीस व तक्रारीस उत्तर गेले काय?

ही तपासणी करण्यासाठी पदवी लागत नाही. शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो प्रत्यक्ष काम करीत शिकता येते या विश्वासावर. गावातील दहावी-बारावी झालेली मुलगी वा मुलगा थोड्या दिवसांत हे काम शिकू शकतो. त्याच्याकडे काम अधिकृतपणे सोपवावे, त्याबद्दल लहानसे का होईना मानधन द्यावे आणि त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे. फुकट करून घेतलेले काम कोणाचेच राहत नाही, हे खोक्याच्या हकीकतीने दाखविलेच आहे.

त्या गुऱ्हाळवाल्या गटाने यानंतर नवे नाव घेतले, तेही कंपनीच्या नावावर. अध्यक्षांच्या सुनेकडे संकेतस्थळाचे काम देण्यात आले. गेल्या खेपेस मी गुऱ्हाळावर गेलो तेव्हा भिंतीवर, तिथी-वारांच्या दिनदर्शिकेवर, एका तारखेभोवती तांबड्या शाईने वर्तुळ केलेले दिसले. "कोणाचे लग्न आहे का, अण्णा?" मी विचारले.

"नाही साहेब," अण्णा म्हणाले, "नावाची फी भरायची तारीख आहे ती."